परकोटातलं शहर आणि सभेतलं गाव



'चांदा ते बांदा' असं आपल्याकडे म्हणतात. पुढाऱ्याला सगळा महाराष्ट्र म्हणायचा असला की तो चांदा ते बांदा म्हणतो. बांदा म्हणजे सावंतवाडीकडचं, गोव्याच्या वेशीवरचं. आणि चांदा म्हणजे आपण. आता गंमत बघा, या म्हणीत आपलं काम काय? तर टोक असणं. टोकाला काय हवं, काय नको, हे या म्हणीला विचारायचंच नसतं. टोक मोजणीपुरतं असतं.

आजच्या व्याख्यानाचा विषय संयोजकांनी 'चंद्रपूरचं नागरी राजकारण : एक इतिहास' असा छापला आहे. मी इतिहासाचा माणूस नाही. चाळीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे सनावळीत माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मला एकच प्रश्न इतिहासाला विचारायचा आहे : या शहरात राहणारा माणूस नागरिक कधी झाला? झाला का?

हा प्रश्न माझा मला सुचलेला नाही. तो मला एका माणसानं विचारला, आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. ती गोष्ट पुढे सांगतो. आधी परकोटापासून सुरुवात करू.

चंद्रपूरची राजधानी खांडक्या बल्लाळशहानं वसवली असं आपण मानतो. त्याची दंतकथा इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. राजाला अंगभर गाठी होत्या, झरपटच्या कोरड्या पात्रात एका खळग्यातलं पाणी तो प्याला, अंगाला लावलं, आणि गाठी गेल्या. मग एक ससा कुत्र्याच्या मागे धावताना दिसला. शिकारी कुत्र्याच्या मागे ससा! राणी म्हणाली, ही जागा पराक्रमाची आहे, ससा जिथून धावला तिथून तट बांधा. दंतकथा खरी की खोटी यात मी पडत नाही. पण तिच्यात एक विचार आहे. या नगराचा तट एका दुबळ्या जिवाच्या धैर्यावर आखला गेला, असं इथल्या लोकांना आपल्या शहराबद्दल सांगावंसं वाटलं. हे मला महत्त्वाचं वाटतं.

पायाभरणी एका राजानं केली, बांधकाम पिढ्यान्‌पिढ्या चाललं. चार दरवाजे : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर. पाच खिडक्या : चोर, विठोबा, हनुमान, मसण, बगड. दरवाज्यांवर हत्तीला नमवणारा सिंह, ते गोंड राजांचं चिन्ह. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट. आत रामाळा तलाव, आणि तलावातून वस्तीत पाणी आणण्याची सोय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राणी हिराईनं महाकाली आणि अंचलेश्वराची देवळं बांधली, नवऱ्याची, बीरशहाची समाधी बांधली. म्हणजे तट, पाणी, देऊळ, बाजार, सगळं होतं. राज्यकर्ते बरे असतील तर प्रजेचं बरं चालत असेल. पण ती प्रजा होती. राजा विहीर खोदून देई, आणि प्रजा त्याचं नाव घेई. विहीर कुठे खोदायची हे प्रजेनं ठरवायचं नसे.

१७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून हा तट फोडला. पुढे १८५३ मध्ये रघुजी तिसरे वारल्यावर नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा हा इंग्रजांचा जिल्हा झाला. प्रजा तीच राहिली, मालक बदलत गेले. मात्र एक माणूस गप्प बसला नाही. मोलमपल्लीचा जमीनदार बाबुराव शेडमाके. १८५८ मध्ये त्यानं गोंड आणि इतर लोकांची फौज उभी केली. त्याला पकडलं आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला इथं चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथं फुलं घेऊन जातात.

आता तारखा जोडून बघा. १८५८ ला फाशी. १८६५ ला पहिला वन कायदा. १८६७ ला चांद्याची नगरपालिका. नऊ वर्षांत तीन गोष्टी. इंग्रजांनी इथल्या माणसांची दोन गटांत वाटणी केली. परकोटाच्या आतल्या माणसाला नगरपालिका दिली : झाडलोट करा, दिवे लावा, कर गोळा करा, थोडंफार तुमचं तुम्ही बघा. परकोटाच्या बाहेरच्या, जंगलातल्या माणसाला वनखातं दिलं. पुढे १८७८ आणि १९२७ च्या कायद्यांनी तर ज्या रानात त्याच्या दहा पिढ्या गेल्या, त्याच रानात तो चोर ठरला. सरपण आणलं तर गुन्हा, बांबू तोडला तर गुन्हा.

म्हणजे शहराचा माणूस अर्धा नागरिक, आणि रानाचा माणूस गुन्हेगार. अर्धा का म्हणतो? कारण नगरपालिकेत मत देण्याचा अधिकार मालमत्तेवर, करावर होता. ज्याचं घर, त्याचं मत. विसाव्या शतकाच्या आरंभी या गावात सुमारे अठरा हजार माणसं राहत. त्यातल्या किती जणांना मत असेल, तुम्हीच अंदाज करा. बाया तर हिशेबातच नव्हत्या.

हे काही इथलंच वैगुण्य नाही, बरं का. ॲरिस्टॉटल म्हणतो की माणूस हा नगरराज्यात राहणारा प्राणी आहे, आणि नागरिक म्हणजे जो राज्यकारभारात, न्यायदानात भाग घेतो तो. व्याख्या उत्तम आहे. मी ती वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली. पण त्याच्या अथेन्समध्ये बायका, गुलाम आणि बाहेरून आलेले रहिवासी या व्याख्येत बसत नव्हते. प्रत्येक नगराला एक परकोट असतो, तो दगडाचाच असतो असं नाही.

तो न दिसणारा परकोट इथं कधी फुटला? माझ्या मते दोन वेळा. एक, २६ जानेवारी १९५० ला, राज्यघटनेनं. सगळ्यांना एक मत. दुसरा, १६ ऑक्टोबर १९५६ ला. नागपूरला धम्मदीक्षा दिल्यानंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि जटपुरा दरवाजाच्या बाहेरच्या मैदानावर त्यांनी हजारो लोकांना दीक्षा दिली. ज्यांना शतकानुशतकं पाणवठ्यापासून, देवळापासून बाहेर ठेवलं, त्यांनी परकोटाच्या बाहेर उभं राहून जाहीर केलं की आत येण्यासाठी आम्हाला तुमची परवानगी नको. आजही १५ आणि १६ ऑक्टोबरला तिथं माणूस मावत नाही. या शहराच्या नागरी इतिहासातली मला माहीत असलेली ही सर्वांत मोठी सभा.

मग पुढे काय झालं? राजकारणात आपण काही मागे नव्हतो. याच चांद्याचे मारोतराव कन्नमवार नोव्हेंबर १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. लहानपणी वर्तमानपत्रं विकलेला माणूस. साधारण एका वर्षानं, पदावर असतानाच ते गेले. त्यानंतर मंत्री झाले, खासदार झाले, मोठमोठी खाती आली. टोकाला सत्ता मिळत गेली. पण मी प्रश्न सत्तेचा विचारत नाही, नागरिकाचा विचारतो आहे. आपला माणूस मंत्री झाला म्हणजे आपण नागरिक झालो, असं होत नाही. राजा आपल्या जातीचा, आपल्या गावचा असला तरी त्याच्यापुढे प्रजा ती प्रजाच.

१९८० च्या दशकात इथं महाऔष्णिक वीज केंद्र सुरू झालं. पहिला संच १९८३ चा. आज स्थापित क्षमता २९२० मेगावॉट. त्यासाठी इरईवर धरण झालं. म्हणजे नदीचं धरण मुळात विजेसाठी, आणि शहराला त्यातून पिण्याचं पाणी. भोवती कोळशाच्या खाणी. मातीचे ढिगारे इरईच्या काठाशी उभे राहिले, पात्र आक्रसलं. २००६, २०१३, २०२२, पूर आला की धरणाचे दरवाजे उघडतात आणि खालच्या वस्त्यांमधली माणसं भांडी डोक्यावर घेऊन शाळांमध्ये जातात.

आमच्या घरी त्या काळात एक शिस्त होती. वाळत घातलेले कपडे घरात आणायच्या आधी दोनदा झटकायचे. गच्चीवर पापड घालायचे तर वरून पातळ लुगडं पसरायचं. माझी बायको म्हणायची, तुमच्या तत्त्वज्ञानात या काळ्या भुकटीला काही नाव आहे का? नव्हतं. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशभरातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण पडले. देशात चौथा क्रमांक. परीक्षेत एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते.

आता एक भूगोल लक्षात घ्या. वीज केंद्राच्या लगतची दुर्गापूर आणि ऊर्जानगर ही वस्ती दिसायला शहरच आहे. पण ती महानगरपालिकेत नाही, तिथं ग्रामपंचायती आहेत. धुराडं हद्दीच्या बाहेर, धूर हद्दीच्या आत. मतदार ग्रामपंचायतीचा, दमा महानगरपालिकेचा. आणि त्याच दुर्गापुरात २०२२ मध्ये वाघ-बिबट्यानं माणसं मारली, कारण वीज केंद्राच्या झुडपी आवारात रान पुन्हा उगवलं होतं. वाघाला ग्रामपंचायतीची हद्द कळत नाही. धुराला कळत नाही, पुराला कळत नाही. हद्द फक्त कागदाला आणि जबाबदारी झटकणाऱ्याला कळते.

आता ती गोष्ट सांगतो.

साधारण वीस वर्षांपूर्वीची. विद्यार्थ्यांना घेऊन मी धानोरा तालुक्यात मेंढा गावी गेलो होतो. मेंढा (लेखा), गडचिरोली जिल्हा. गाव शंभराच्या आसपास घरांचं, सगळे गोंड. १९८४ मध्ये इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन झालं, त्यातून या गावानं एक धडा घेतला. देवाजी तोफा गावचे, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून येऊन त्यांचे सोबती झालेले. यांनी काय केलं, तर अभ्यास गट सुरू केले. लोक बसत, कायदा वाचत, समजून घेत. निर्णय मात्र अभ्यास गट करत नसे, ग्रामसभा करी. आणि ग्रामसभा मतदानानं नव्हे, सर्वसहमतीनं. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं, पुन्हा बसायचं. त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल : दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

तर आम्ही तिथं बसलो होतो. माझे विद्यार्थी भराभर टिपणं घेत होते. मीही प्रश्न विचारत होतो, जरा मोठेपणानंच. तेवढ्यात एका म्हाताऱ्या गृहस्थानं मला विचारलं, "सर, तुमी चांद्याचे ना जी? तुमच्या वार्डाची सभा कवा भरते?"

मी म्हटलं, आमच्याकडे नगरसेवक असतो.

"थो तर असनच. आमचाबी सरपंच हाये. पन सभा कवा भरते?"

मी म्हटलं, भरत नाही.

त्यांनी मान हलवली. राग नाही, टोमणा नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं. जणू मी त्यांना सांगितलं होतं की आमच्या घरी चूल पेटत नाही. मग त्यांनी विचारलं, "मंग तुमी ठरवता कसे?"

मी आयुष्यभर सॉक्रेटिस शिकवला. सॉक्रेटिसनं बाजारात गाठून माणसाला असाच साधा प्रश्न विचारला की त्याचं काय होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. परतीच्या बसमध्ये मी बोललो नाही.

पुढचा इतिहास या दोन ठिकाणांचा समांतर बघू. १९९२ मध्ये दोन घटनादुरुस्त्या झाल्या. ७३ वी गावांसाठी, ७४ वी शहरांसाठी. जुळी भावंडं. गावाकडच्या दुरुस्तीत 'ग्रामसभा' हा शब्द घटनेत आला. त्यावर १९९६ चा पेसा कायदा आला, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या साधनसंपत्तीबद्दल बोलण्याचा अधिकार देणारा. मग २००६ चा वनहक्क कायदा. २००९ मध्ये मेंढ्याला १८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांपैकी एक. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखातं देईना. बांबू म्हणजे लाकूड की गवत, यावर खल चालला होता. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावी आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ज्याला १८६५ पासून चोर म्हटलं, त्याच्याकडे शिक्का आला.

आणि त्याच २०११ मध्ये, २५ ऑक्टोबरला, चंद्रपूरची महानगरपालिका झाली. आपण फटाके वाजवले. जनगणनेत लोकसंख्या ३,२०,३७९ भरली होती. ७४ व्या दुरुस्तीत लिहिलं आहे की तीन लाखांच्या वरच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात. राज्यानं २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आणली, म्हणजे मतदान केंद्राच्या परिसरातल्या मतदारांची सभा. म्हणजे त्या म्हाताऱ्या गृहस्थानं विचारलेली सभा कायद्यात आहे! हात वर करा, तुमच्यापैकी कोण क्षेत्रसभेला गेलं आहे? (सभागृहात शांतता.) बघा. आणि ही विचारी, व्याख्यानाला येणारी माणसं आहेत.

उलट काय झालं ते सांगतो. २०१२ च्या निवडणुकीत एका प्रभागातून दोन नगरसेवक. २०१७ ला बहुतेक प्रभागांतून चार. ६६ नगरसेवक, १७ प्रभाग. २०११ ची लोकसंख्या धरली तर सरासरी एकेका प्रभागात अठरा-एकोणीस हजार माणसं आणि त्यांचे चार प्रतिनिधी. नाली तुंबली तर कोणाकडे जायचं? पहिला दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे. चौघांचं काम ते कोणाचंच नाही. आणि हा नियम आपण ठरवला नाही, मुंबईनं ठरवला. प्रभाग एकाचा, दोनाचा की चाराचा, हे ज्या पक्षाचं सरकार येतं तो आपल्या सोयीनं ठरवतो. सगळ्याच पक्षांनी केलं आहे, म्हणून नाव कोणाचंच घेत नाही.

२०२२ मध्ये मुदत संपली. आरक्षणाचा खटला, प्रभागरचनेचा वाद, आणि निवडणूक लांबली. ती जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहर प्रशासकानं चालवलं. प्रशासक चांगले असतील, वाईट असतील, तो मुद्दा नाही. मला धक्का याचा बसला की एवढा काळ सव्वातीन लाखांच्या शहरात एकही निवडलेला नगरसेवक नव्हता आणि आपल्याला फारसं काही चुकल्यासारखं वाटलं नाही. कचऱ्याची गाडी आली ना, मग झालं. १८६७ ला इंग्रजानं जेवढं दिलं होतं, तेवढंसुद्धा हातातून गेलं, आणि कोणी जटपुऱ्यावर येऊन बसलं नाही.

आणखी एक उदाहरण. दारूबंदी. गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपुरातल्या बायांनी ती मागितली. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. डिसेंबर २०१० मध्ये बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये दुसऱ्या सरकारनं उठवली. बंदी बरोबर की चूक यावर इथंच दोन गट पडतील, आणि दोन्हींकडे विचार करण्यासारखं आहे. चोरटी दारू वाढली हेही खरं, आणि बायांना आधी चार दिवस सुखाचे मिळाले हेही खरं. मला दिसतं ते वेगळं. ज्या बाया पायी गेल्या, त्यांना बंदी उठवताना पुन्हा कोणी विचारायला गेलं नाही. लागू करणं हा उपकार, उठवणं हाही निर्णय वरचा. मागणारा नागरिक असतो. देणाऱ्यानं त्याला लाभार्थी करून टाकलं.

लाभार्थी. या शब्दाकडे जरा लक्ष द्या. प्रजा, नागरिक, लाभार्थी. आपण प्रजेतून नागरिक व्हायला निघालो होतो. मधल्या स्थानकावर उतरलो आणि तिथंच वस्तीला राहिलो. लाभार्थ्याला मिळतं, नागरिक ठरवतो. लाभार्थ्याला रांग असते, नागरिकाला सभा असते. मिळण्यात वाईट काही नाही, गरिबाला मिळालंच पाहिजे. पण ज्याला फक्त मिळतं, त्याच्याकडून काढूनही घेता येतं.

यावर माझे मित्र म्हणतात, सर, तुम्ही भाबडे आहात. शंभर घरांच्या गावात सर्वसहमती होते. सगळे एका नात्यातले, एका जंगलावर जगणारे. शहरात बंगाली आहे, तेलुगू आहे, खाणीवर बिहारहून आलेला आहे, फ्लॅटमधला शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. इथं कसली सभा?

आक्षेप वजनदार आहे. त्याचं उत्तर मी असं देतो. पहिली गोष्ट, गावाचं मी सोवळं चित्र रंगवत नाही. तिकडे एटापल्लीत सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीविरुद्ध परिसरातल्या अनेक ग्रामसभांनी ठराव केले. खाण सुरू झालीच. कायद्यात सभा असणं आणि सभेचं ऐकलं जाणं यात अंतर आहे, आणि बंदुकींच्या दोन बाजूंमध्ये सापडलेल्या गावाला ते अंतर फार महाग पडतं.

दुसरी गोष्ट, मेंढ्याची सभा नात्यावर टिकली नाही. नात्यातली माणसं तर धुऱ्यासाठी एकमेकांची डोकी फोडतात. ती टिकली, कारण सगळ्यांची मिळून एक वस्तू होती, जंगल. ती गेली तर सगळ्यांचं जाणार होतं. मग शहराला अशी वस्तू नाही का? आहे की. इरई आहे. झरपट आहे. रामाळा तलाव आहे. ही हवा आहे, जी तुम्ही आणि मी या सभागृहात आत्ता वाटून घेतो आहोत, जात, भाषा, पक्ष न विचारता. आणि परकोट आहे.

२०१७ साली इको-प्रोच्या तरुणांनी रोज सकाळी परकोटावरची झाडंझुडपं काढायला सुरुवात केली. शेकडो दिवस चाललं ते काम. पंतप्रधानांनी रेडिओवरच्या भाषणात त्याचा उल्लेख केला, तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. वाटायलाच हवा. पण त्याच परकोटाला खेटून राहणाऱ्या माणसाला विचारा. २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. तट शहराला वेढून आहे, म्हणजे हजारो घरं या पट्ट्यात. बापाचं मातीचं घर पडायला आलं, पोराला बांधता येत नाही. त्याला परकोट शत्रू वाटतो. आता तट राखायचा की घर राखायचं, यावर तोडगा दिल्लीत निघेल की भानापेठेत? ज्यांची घरं आहेत आणि ज्यांना तट प्रिय आहे, ते एका सतरंजीवर बसल्याशिवाय निघेल, असं मला वाटत नाही. जटपुऱ्याच्या गर्दीचंही तेच. काही शतकांपूर्वी हत्तीसाठी बांधलेल्या दरवाज्यातून आपण रोज सगळं शहर काढतो आणि वर्षानुवर्षं वाद घालतो. वादाला हरकत नाही, पण तो वर्तमानपत्राच्या पानावर होतो, समोरासमोर होत नाही.

शेवटची कबुली. निवृत्तीनंतर मी आमच्या मोहल्ल्यात सभा भरवून पाहिली. दारोदार चिठ्ठ्या वाटल्या. अकरा माणसं आली. त्यातली सहा आमच्याच बिल्डिंगची, आणि दोघांना वाटलं की सत्यनारायण आहे. (हशा.) दुसऱ्या महिन्यात सात. तिसऱ्यात चौदा, कारण त्या आठवड्यात नळाला गढूळ पाणी आलं होतं. एका बाईंनी बाटलीत ते पाणी भरून आणलं आणि मधोमध ठेवलं. बाकी कोणी भाषण केलं नाही. सगळे त्या बाटलीकडे बघत होते. मला त्या दिवशी कळलं की सभा माणसांना बोलावल्यानं भरत नाही. मधोमध काहीतरी ठेवावं लागतं, जे सगळ्यांचं आहे.

सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज गेला. पाण्याचा नळ पाच आठवड्यांनी दुरुस्त झाला. नगरसेवकानं केला असता तर कदाचित दोन आठवड्यांत झाला असता. पण त्या नळाबद्दल कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पुढे माझी तब्येत बिघडली, सभा बंद पडली. दोष माझा. जी सभा एका म्हाताऱ्याच्या तब्येतीवर चालते ती सभा नव्हेच, तो त्याचा छंद. मेंढ्याच्या लोकांनी अभ्यास गट का केले, ते मला तेव्हा समजलं.

म्हणून इतिहासाचं उत्तर मला असं दिसतं. या शहरातला माणूस १९५० ला कागदावर नागरिक झाला, १९५६ ला त्यातल्या अनेकांनी ते नागरिकत्व मनात रुजवलं, आणि रोजच्या व्यवहारात ते आणायचं काम अजून बाकी आहे. कायदा आहे. नगरसेवक आता पुन्हा निवडून आले आहेत. त्यांच्याकडे रस्ता मागू नका, दिवा मागू नका, ते देतीलच. त्यांच्याकडे क्षेत्रसभा मागा. तारीख मागा, जागा मागा, आणि सभेत झालेलं लिहून ठेवा.

ते मेंढ्याचे गृहस्थ आता नाहीत. पण त्यांचा प्रश्न मी तुमच्याकडे सोपवतो. बाहेरगावी गेलात आणि कोणी विचारलं, तुमच्या वार्डाची सभा कधी भरते, तर माझ्यासारखी मान खाली घालायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

वेळ संपली, प्रश्नोत्तरं राहिली आहेत. थांबतो.